दाबलं की पळणारी लाली

शेजारचे काका न्यूमोनियासाठी पाच दिवस रुग्णालयात राहून घरी आले आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी डिस्चार्ज कार्ड घेऊन आमच्या दारात उभे राहिले. "हे वाच जरा. न्यूमोनिया गेला म्हणाले, आणि निघता निघता हा नवा आजार चिकटवला!" कार्डाच्या शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की उजव्या हातावर सलाईनच्या जागी एरिथीमा आहे. काकांनी रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर हा शब्द शोधला होता. त्यात त्यांना कुष्ठरोग सापडला, गोचिडीमुळे होणारा आजार सापडला, यकृताचा बिघाड सापडला आणि नवजात बाळांचं काहीतरी दुखणंही सापडलं. "यातलं माझं कुठलं?" त्यांनी विचारलं.

मी हात पाहिला. सुई होती तिथे रुपयाच्या नाण्याएवढी लालसर जागा होती. बोटानं हलकेच दाबल्यावर ती फिकी पडली, बोट उचलताच पुन्हा भरून आली.

"काका, यातलं एकही तुमचं नाही. डॉक्टरांनी इथे आजार लिहिलेलाच नाहीये. जे दिसलं ते लिहिलंय. कातडी लाल झालीये, एवढंच."

काका किंचित हिरमुसले. मग म्हणाले, "एवढंच होतं, तर 'लाल' लिहायला काय झालं होतं?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र जरा लांबचं आहे.

रुधिराचा ग्रीक भाऊ

एरिथीमा हा शब्द ग्रीकमधून आला. ग्रीकमध्ये 'एरिथ्रोस' म्हणजे लाल. तांबड्या रक्तपेशीचं शास्त्रीय नाव 'एरिथ्रोसाइट' याच शब्दावरून पडलं. आफ्रिकेतल्या एरिट्रिया देशाचं नावही त्याच्याच घरातलं, कारण तो देश तांबड्या समुद्राच्या काठावर आहे. मराठी माणसाला मात्र इतकं लांब जायची गरज नाही. भाषाशास्त्रज्ञ सांगतात की ग्रीक 'एरिथ्रोस' आणि संस्कृत 'रुधिर' हे एकाच मुळातून फुटलेले शब्द आहेत. तोंडात न बसणारा हा शब्द म्हणजे आपल्या रुधिराचा परदेशात वाढलेला भाऊ.

मग 'लाल' का चालत नाही? कारण कातडी तऱ्हेतऱ्हेनं लाल होते. मेंदी लागली तरी ती लाल दिसते, जन्मखूण लाल असते, आणि मुका मार लागून आत रक्त साकळलं तरी आधी लालच दिसतं. डॉक्टर एरिथीमा म्हणतात तेव्हा त्यांना यातली एकच तऱ्हा सांगायची असते. कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावल्यात, त्यांत नेहमीपेक्षा जास्त रक्त भरलंय, आणि ते रक्त अजून वाहिन्यांच्या आतच आहे. शेवटचा मुद्दा सगळ्यांत मोलाचा. शब्द अवघड आहे खरा, पण तो नेमका आहे. मराठीत त्याला रक्तिमा म्हणता येईल. अडचण अशी की रक्तिमा म्हटलं की आपल्याला सूर्यास्त आठवतो, सलाईनची सुई नाही.

रात्री दारं धरणारा शेतकरी

आत काय घडतं ते कळायला शेतात जाऊ. पाटाचं पाणी आलं की शेतकरी दारं धरायला जातो. पाटातून पाणी दांडात, दांडातून वाफ्यात. एका वाफ्याच्या तोंडची माती फावड्यानं ओढली की तिथे पाणी शिरतं, माती लोटली की ते थांबून पुढच्या वाफ्याकडे वळतं. पाटाला पाणी तेवढंच असतं. कुठला वाफा भरायचा ते दारं ठरवतात.

कातडीत हीच व्यवस्था आहे. मोठ्या रोहिण्या म्हणजे पाट. त्यांच्या बारीक फांद्या म्हणजे दांड, आणि केसाहून बारीक केशवाहिन्या म्हणजे वाफे. दांडांच्या भिंतीत स्नायूंची कडी असतात. ती आवळली की वाफे कोरडे पडतात आणि कातडी फिकी दिसते. सैल पडली की वाफे भरतात आणि कातडी लाल होते. हे सगळं कातडीच्या आतल्या थरात चालतं. वरच्या थरात रक्तवाहिनी एकही नसते. आपण पाहतो ती लाली त्या वरच्या पातळ पडद्यातून दिसलेली असते. हा पडदा पुढे पुन्हा येणार आहे.

दारं उघडणारे हात अनेक आहेत. उष्णता हा सगळ्यांत मोठा. एरवी कातडीतून मिनिटाला जेमतेम पाव ते अर्धा लिटर रक्त फिरतं. शरीर फार तापलं की हेच प्रमाण सहा ते आठ लिटरपर्यंत जाऊ शकतं. वैशाखात चालून आलेल्या माणसाचा चेहरा लालबुंद होतो तो यामुळे. शरीर आतली उष्णता बाहेर फेकत असतं. दुसरा हात मज्जातंतूंचा. लाजल्यावर गाल तापतात ते त्यांचं काम. चार्ल्स डार्विननं भावनांवरच्या आपल्या १८७२ च्या पुस्तकात लाजण्यावर आख्खं प्रकरण लिहिलं. तिसरा हात रसायनांचा. डास चावला, खाजखुजली लागली, जखमेत जंतू शिरले की तिथल्या पेशी रसायनं सोडतात. त्यांतलं सर्वांत ओळखीचं हिस्टामिन. गांधी उठल्यावर आपण जी गोळी घेतो ती या हिस्टामिनला अडवते. वाहिनीच्या अस्तरात तयार होणारा नायट्रिक ऑक्साइड हा वायूही कडी सैल करतो. त्याचा हा निरोप्याचा धंदा उघडकीला आणणाऱ्या तिघांना १९९८ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं.

छडीचा वळ

छडी खाल्लेल्या पिढीला पुढचं वर्णन चटकन पटेल. लंडनमध्ये थॉमस लुईस नावाचे एक डॉक्टर होते, खरं तर हृदयाचे जाणकार. १९२० च्या दशकात त्यांनी माणसांच्या कातडीवर बोथट टोकानं रेघा ओढून पुढे काय होतं ते घड्याळ लावून पाहिलं. तुम्हीही पट्टीच्या कडेनं हातावर जोरात रेघ ओढून पाहू शकता. काही सेकंदांतच ओढली तिथे लाल रेघ उमटते. मग त्या रेघेच्या दोन्ही अंगांना, जिथे पट्टी लागलेलीही नाही तिथे, लाली पसरते. आणि रेघ पुरेशी जोरात असेल तर काही मिनिटांत ती फुगून वर येते. तोच वळ.

पहिली लाली समजण्यासारखी आहे. मार लागला, रसायनं सुटली, दारं उघडली. तिसऱ्या पायरीवर वाहिन्यांच्या भिंती थोड्या झिरपू लागतात, रक्तातलं पाणी बाहेर येतं आणि कातडी फुगते. कोडं आहे ते मधल्या लालीचं. मार न लागलेली कातडी का लाल व्हावी?

लुईस यांनी दाखवलं की हा निरोप मज्जातंतूंच्या फांद्यांमधून जातो, आणि तोही मेंदूला न विचारता. चाळीत पाणी आलं की कोणी खाली जाऊन मॅनेजरला सांगत बसत नाही. गॅलरीतूनच हाक जाते, "पाणी आलंऽऽ", आणि शेजारची दारं उघडतात. मज्जातंतूच्या एका फांदीला झोंबलं की संदेश फाट्यापर्यंत जातो आणि तिथूनच उलटा दुसऱ्या फांदीत उतरून शेजारच्या वाहिन्यांची दारं उघडतो. डासाच्या चाव्याभोवती चाव्यापेक्षा कितीतरी मोठं लाल वर्तुळ दिसतं त्याचं कारण हे.

> चौकट : काचेचा पेला
>
> शेतातला बांध फुटला की पाणी वाफ्याबाहेर सांडतं. मग दारं लावून काही उपयोग नाही. केशवाहिनीतून रक्त बाहेर सांडलं की असंच होतं. दाबल्यावर आत परतायला त्याला वाटच उरत नाही. म्हणून स्वच्छ, पारदर्शक काचेचा पेला लाल डागावर दाबून काचेतून पाहावं.
>
> डाग फिका पडला, तर रक्त वाहिनीतच आहे. हा एरिथीमा.
>
> डाग तसाच राहिला, तर रक्त बाहेर झिरपलंय. हा एरिथीमा नव्हे.
>
> ताप असताना असे दाबूनही फिके न पडणारे बारीक लाल-जांभळे ठिपके दिसले तर सकाळची वाट पाहू नका, लगेच रुग्णालय गाठा. डेंगी आणि मेंदूज्वराचा एक घातक प्रकार, दोन्हींत असे ठिपके येऊ शकतात. डेंगीत दोन्ही खेळ एकाच रुग्णात दिसू शकतात. सुरुवातीला चेहरा लाल होतो ती दाबली की पळणारी लाली, आणि नंतर येणारे ठिपके न पळणारे.
>
> उलट गैरसमज मात्र नको. डाग दाबल्यावर फिका पडला म्हणून आजार किरकोळ ठरत नाही. गंभीर आजारातही सुरुवातीचं पुरळ फिकं पडू शकतं. माणूस मलूल असेल तर पेला बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा.

पहिलं नाव एरिथीमा, आडनावं शंभर

काकांना रात्री सापडलेले आजार खोटे नव्हते. एरिथीमा हा सुटा शब्द म्हणजे केवळ निरीक्षण. त्याला पुढे आडनाव जोडलं की ते निदान बनतं. ही आडनावं मोठी मजेशीर आहेत, आणि काही तर साफ दिशाभूल करणारी.

'एरिथीमा टॉक्सिकम' घ्या. आडनावात विष आहे, पण आजारात विषाचा थेंब नाही. पूर्ण दिवसांच्या पुष्कळ निरोगी बाळांच्या अंगावर जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत लाल चट्टे आणि त्यांच्या मधोमध पिवळट पुटकुळ्या येतात. ते आपले आपण जातात. आजीला वाटतं दृष्ट लागली, मावशीला वाटतं साबण बाधला, आणि बापानं मोबाइलवर शब्दाचा अर्थ पाहिला तर तो पार खचतो. इतक्या निरुपद्रवी गोष्टीचं इतकं भयंकर बारसं करणाऱ्याला आडनाव बदलून द्यायची सक्ती करायला हवी होती, असं माझं मत आहे.

'एरिथीमा अब इग्ने' हे मात्र चपखल नाव. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ विस्तवामुळे आलेली लाली. चटका बसणार नाही इतपत ऊब रोज, आठवडेच्या आठवडे एकाच जागी लागत राहिली की कातडीवर आधी लाल आणि मग तपकिरी जाळी उमटते. आत रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, त्याची ही छापच. पूर्वी हे चुलीशी, शेगडीशी बसणाऱ्यांच्या नडग्यांवर दिसे. काश्मीरमध्ये फेरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी धरून बसणाऱ्यांच्या पोटा-मांड्यांवर दिसतं. तिथे वर्षानुवर्षांच्या उबेतून कातडीचा कर्करोगही होतो, आणि त्याला कांगडी कर्करोग असंच म्हणतात. आता हीच जाळी मांडीवर लॅपटॉप घेऊन काम करणाऱ्यांच्या मांडीवर आणि कंबरदुखीला रोज गरम पाण्याची पिशवी लावणाऱ्यांच्या पाठीवर उमटते. उपाय मलमाच्या ट्यूबमध्ये नाही. ऊब दूर करायची.

'एरिथीमा मायग्रन्स' म्हणजे स्थलांतर करणारी लाली. गोचीड चावलेल्या जागेपासून ती दिवसेंदिवस बाहेर सरकत जाते, कधी मधला भाग निवळून नेमबाजीच्या फळ्यासारखी वर्तुळं दिसतात. ही लाइम आजाराची पहिली खूण. अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या लाइम गावाच्या परिसरात १९७५ च्या सुमारास हा आजार नजरेत भरला, म्हणून हे नाव. आपल्याकडे तो क्वचितच आढळतो. पण ज्यांची मुलं-नातवंडं न्यू जर्सी-कनेटिकटकडे आहेत आणि उन्हाळ्यात जंगलवाटा तुडवतात, त्यांनी हे नाव लक्षात ठेवायला हरकत नाही. वेळीच प्रतिजैविकं मिळाली तर बहुतेक जण पूर्ण बरे होतात.

आणि काकांना घाबरवणारं ते नाव, 'एरिथीमा नोडोसम लेप्रोसम'. कुष्ठरोगाच्या काही रुग्णांत, पुष्कळदा औषधोपचार चालू असताना, अंगावर दुखऱ्या लाल गाठी उठतात आणि ताप येतो. रुग्णाला वाटतं औषध बाधलं, किंवा रोग उलटला. प्रत्यक्षात ती शरीराच्या संरक्षण यंत्रणेनं जंतूंच्या अवशेषांवर पाखडलेली आग असते. अशा वेळी कुष्ठरोगाचं औषध सोडणं ही मोठी चूक.

या गाठींच्या औषधाची कथा चमत्कारिक आहे. थॅलिडोमाइड हे झोपेचं औषध १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत बाजारात आलं, गर्भवतींनी घेतलं, आणि हजारो मुलं अपंग जन्मली. १९६१ च्या अखेरीला ते मागे घेतलं गेलं. १९६४ मध्ये जेरुसलेममध्ये जेकब शेस्किन या डॉक्टरांनी वेदनेनं तळमळणाऱ्या एका कुष्ठरुग्णाला झोप लागावी एवढ्याच हेतूनं ते दिलं. झोप तर लागलीच, पण गाठीही ओसरू लागल्या. सर्वांत बदनाम औषधाला असा पुनर्जन्म मिळाला. गर्भवतींना ते आजही सक्त वर्ज्य आहे.

लालीची मोजपट्टी

एरिथीमाचा एक उपयोग रुग्णालयाच्या बाहेर आहे, आणि तो तुमच्या कपाटात असण्याची शक्यता आहे. सनस्क्रीनच्या बाटलीवर 'एसपीएफ ३०' लिहिलेलं असतं. हा आकडा येतो कुठून? उघड्या कातडीला लाली आणायला किती अतिनील किरणं लागतात ते स्वयंसेवकांच्या पाठीवर मोजतात. मग मलम लावलेल्या कातडीला किती लागतात ते मोजतात. दुसरा आकडा पहिल्याच्या तीसपट असेल तर एसपीएफ ३०. उन्हाची लाली लगेच दिसत नाही. काही तासांनी उमटते आणि साधारण अर्ध्या ते एका दिवसात कळसाला पोचते. म्हणून ही मोजणी दुसऱ्या दिवशी करतात. चाचणीत मलम लावतात ते मात्र चांगलं जाडसर. आपण लावतो तो हात पुसल्यासारखा थर त्या आकड्याच्या जवळपासही जात नाही.

हवामानाच्या ॲपवर दिसणारा यूव्ही इंडेक्सही लालीचाच हिशेब आहे. कॅनडानं १९९२ मध्ये तो सुरू केला. सगळे अतिनील किरण कातडी सारखीच लाल करत नाहीत, म्हणून प्रत्येक किरणाला त्याच्या लाल करण्याच्या ताकदीप्रमाणे वजन देऊन हा आकडा काढतात.

याआधीची गोष्ट अंगावर काटा आणणारी आहे. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा. ते मोजायचं सर्वमान्य एकक मात्र १९२८ पर्यंत नव्हतं. मधल्या काळात डॉक्टर काय करत? कातडी लाल होईल इतका मारा म्हणजे एक मात्रा, असं धरत. त्यालाच एरिथीमा मात्रा म्हणत. क्ष-किरणांवर काम करणाऱ्यांसाठी अमेरिकेत आर्थर मुटशेलर यांनी १९२० च्या दशकाच्या मध्यावर पहिल्या मर्यादांपैकी एक सुचवली ती याच मापानं. महिनाभरात एरिथीमा मात्रेच्या शंभराव्या हिश्शाहून जास्त नको. माणसाचं कातडं हेच मापक होतं.

आणि एका चाचणीत लालीला मुद्दाम बाहेर ठेवलं जातं. क्षयरोगासाठीची माँटू टेस्ट घरात कुणाची तरी झालेली असतेच. दोन-तीन दिवसांनी हात दाखवायला जाताना लाल वर्तुळ पाहून माणसं त्याला मोजपट्टी लावतात आणि धसका घेतात. तिथे लाली मोजायचीच नसते. बोटांना लागणारा टणक फुगवटा तेवढा मोजतात. लाल भरपूर आणि फुगवटा शून्य, तर नोंद शून्य.

आकाशकंदिलाचा कागद

आता तो पडदा. आकाशकंदिलात तोच लाल दिवा ठेवा; पांढऱ्या कागदातून तो लालच दिसेल, गडद तपकिरी कागदातून मंद, जांभळट. आपल्या कातडीचा वरचा थर हा तो कागद आणि मेलॅनिन हा त्याचा रंग. दिवा तोच, पण सावळ्या कातडीवर एरिथीमा लाल दिसेलच असं नाही. तो जांभळसर, काळपट, तपकिरी किंवा नुसता आसपासच्या कातडीहून गडद दिसतो.

वैद्यकाची जुनी चित्रमय पुस्तकं बहुतांशी गोऱ्या कातडीवरून तयार झाली. २०२० मध्ये लंडनमधल्या मलोन मुकवेंडे या वैद्यकीय विद्यार्थ्यानं आपल्या प्राध्यापकांसोबत काळ्या-सावळ्या कातडीवरच्या खुणांची पुस्तिका काढली. त्याला वर्गात प्रश्न पडला होता की ही खूण माझ्या कातडीवर कशी दिसेल? हा प्रश्न आपणही विचारायला हवा. आपली बहुतेक कातडी सावळी. 'लाल झालं तर या' हा सल्ला तिला अपुरा आहे.

मग करायचं काय? हात वापरायचा. एरिथीमात रक्त जास्त असतं, म्हणून ती जागा बहुधा कोमट लागते. बोटांच्या मागच्या बाजूनं आधी निरोगी जागा आणि मग संशयाची जागा चाचपायची. डाव्या पायाची उजव्याशी तुलना करायची. आणि पाहायचं ते दिवसा, खिडकीशी. पिवळ्या बल्बखाली मुळीच नाही.

अंथरुणाला खिळलेलं माणूस घरी असेल त्यांनी तर हे रोज करावं. माकडहाड, टाचा, खुबे इथे सतत दाब पडतो. दाब काढल्यावर लाली दाबून फिकी पडते तोवर वाहिन्या शाबूत आहेत. ती फिकी पडेनाशी झाली की शय्याव्रणाची पहिली पायरी सुरू झाली, कातडी अजून फुटलेली नसली तरी. सावळ्या कातडीवर हे फिकं पडणं बऱ्याचदा दिसतच नाही. तिथे ऊब किंवा गारवा, टणकपणा किंवा लिबलिबीतपणा आणि रुग्णाचं "दुखतंय" हेच ऐकायचं. कूस बदलायची ती जखम दिसल्यावर नव्हे, ठरल्या वेळेला.

काकांच्या हातावर मी बॉलपेननं लालीच्या कडेवर रेघ मारून दिली. डॉक्टरही हीच युक्ती करतात. लाली रेघेबाहेर सरकली, त्यातून वर लाल पट्टा चढू लागला, दुखणं वाढलं किंवा ताप आला तर तडक जायचं. आत आक्रसली तर काळजी नाही. एक गोष्ट बजावली. डॉक्टरांना दाखवायचं असेल तर आधी त्यावर हळद, कुंकू, चुना, लाल मलम काहीही लावू नका. डॉक्टरांना तुमची कातडी पाहायची असते, हळद नाही.

तिसऱ्या दिवशी काका हात पुढे करून आले. लाली रेघेच्या चांगली आत गेली होती. बॉलपेनची निळी रेघ मात्र आठवडाभर टिकली.